माती अहवालात स्फुरद ‘भरपूर’, तरी पीक उपाशी आणि तळं दूषित: हे एकाच वेळी कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. माती परीक्षणाच्या अहवालात स्फुरद (फॉस्फरस) ‘भरपूर’ आलाय, तरी कोवळ्या पिकाची पानं जांभळट पडताहेत आणि वाढ खुंटलीय. उताराखालच्या तळ्यात शेवाळ माजलंय आणि त्याचा ठपका याच शेतातल्या स्फुरदावर ठेवला जातोय. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील? शिवाय जाता जाता असंही विचारलंय की मृदाशास्त्रज्ञ पीकपोषण आणि प्रदूषण असे दोन टोकांचे विषय एकत्र का हाताळतात.

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, आणि बऱ्याचदा असतात. मातीत एखादं द्रव्य एकूण किती आहे याच्याशी मुळाला फारसं देणंघेणं नसतं आणि तळ्यालाही नसतं. ते कशाला चिकटलंय, किती वेगानं सुटतंय आणि सुटल्यावर कुठल्या वाटेनं जातंय, यावर सगळं ठरतं. हे प्रश्न नत्राला (नायट्रोजनला) आणि स्फुरदाला जेवढे लागू आहेत तेवढेच कॅडमियम-आर्सेनिक या विषारी द्रव्यांनाही आहेत. त्यामुळे तुम्ही ज्यांना दोन विषय म्हणता ते आमच्या लेखी एकच काम आहे.

आधी एक हिशेब मांडतो. तो एकदा हातानं केल्याशिवाय माती परीक्षणाचा आकडा वाचता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. एक हेक्टर शेताच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात साधारण २२ लाख किलो माती असते. किलोमागे ६०० मिलिग्रॅम एकूण स्फुरद धरला, तर झाला १,३२० किलो. आता त्याच थरात आकारमानाच्या २० टक्के पाणी धरा, म्हणजे ३ लाख लिटर. या पाण्याला आम्ही मातीचं द्रावण म्हणतो. त्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम स्फुरद विरघळलेला असेल, तर हेक्टरभर शेतात मिळून १५ ग्रॅम होतो. किलो नव्हे, ग्रॅम. तृणधान्याचं बरं पीक मात्र हंगामात हेक्टरी १५ किलोच्या आसपास स्फुरद उचलतं. म्हणजे ते १५ ग्रॅम हंगामभरात हजार वेळा भरून निघायला हवेत. (इथं स्फुरद म्हणजे मूलद्रव्य फॉस्फरस. खताच्या पोत्यावरचा आकडा त्याच्या ऑक्साइडचा असतो, त्याला २.२९ ने भागावं लागतं. ही गल्लत शिकलेल्यांकडूनही होते.)

अहवालातला ‘उपलब्ध स्फुरद’ हा या दोन्हींपैकी कुठलाच आकडा नाही. तो एका रसायनानं ठरावीक वेळेत मातीतून ओढून काढलेला भाग असतो, आणि त्याची किंमत पिकाच्या प्रतिसादाशी ताडून ठरवलेली असते. चुनखडीच्या, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीसाठी ऑल्सेन आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये सोडियम बायकार्बोनेटची पद्धत दिली. आम्ल जमिनीसाठी ब्रे आणि कुर्ट्झ यांची १९४५ ची, सौम्य आम्ल आणि फ्लुओराइडची पद्धत चालते. दुसरी पद्धत चुनखडीच्या जमिनीत वापरली, तर चुनाच आम्ल खाऊन टाकतो आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून अहवालात पद्धतीचं नाव नसेल तर त्या आकड्यावर मी बोलत नाही. ‘भरपूर’ हा शब्द तर मी वाचतच नाही. आकडा, एकक आणि पद्धत, एवढंच बघतो.

समजा, आकडा खरंच चांगला आहे. मग पीक उपाशी का? कारण स्फुरद मुळापर्यंत चालत जात नाही. पर्ड्यू विद्यापीठातल्या स्टॅनली बार्बर यांनी १९६२ मध्ये ही मांडणी नीट केली. पाण्याच्या ओघाबरोबर जे येतं ते वेगळं, आणि जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जे रेणूरेणूनं सरकत येतं ते वेगळं. नायट्रेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे बहुतांशी ओघाबरोबर येतात. स्फुरद आणि पालाश (पोटॅशियम) मुख्यतः सरकत येतात, आणि स्फुरदाचं सरकणं इतकं हळू असतं की मुळाभोवतीचा मिलिमीटरभराचा पट्टा रिकामा झाला की पलीकडचा साठा त्या मुळाच्या उपयोगाचा उरत नाही. मूळ पुढं वाढलं, केशमुळं फुटली किंवा मुळांच्या सोबतीनं राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे धागे काही सेंटीमीटर लांबून स्फुरद ओढू लागले, तरच पुढचा घास मिळतो. माती थंड, कोरडी किंवा दाबून कडक झालेली असली की मूळही थांबतं आणि स्फुरदाचं सरकणंही. अशा वेळी साठा दुप्पट केला तरी फारसा फरक पडत नाही. जमीन भुसभुशीत करणं, ओल टिकवणं, बियाण्याजवळ थोडा स्फुरद देणं, यानं पडतो.

जांभळ्या पानांबद्दल एक इशारा. तो रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. कोवळ्या मक्यासारख्या पिकात नुसत्या थंडीनंही तो येतो आणि ऊब आली की आपोआप जातो. पान तपासल्याशिवाय त्याला स्फुरदाची कमतरता म्हणू नये. शिवाय स्फुरद खरोखरच जास्त असेल, तर मला पहिला संशय जस्तावर येतो. जास्त स्फुरदामुळे पिकात जस्ताची कमतरता उभी राहते हे जुनं निरीक्षण आहे, आणि तिथंही वाढ खुंटतेच. जस्त किती फसवं असतं याचं चांगलं उदाहरण भातावरच्या ‘खैरा’चं आहे. पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येत, रोप बसून जाई, आणि तो रोग समजला जाई. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की हा जंतू नाही, जस्ताची उणीव आहे. विशेष म्हणजे नेने स्वतः वनस्पतिरोगशास्त्रज्ञ होते. आपल्याच शास्त्राबाहेरचं कारण शोधून काढणं सोपं नसतं.

आता तळ्याकडे. मातीच्या द्रावणात स्फुरद लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम असेल तर बहुतेक पिकं खूश असतात, आणि ०.०३ च्या खाली गेला की कुरकुरतात. तळ्याच्या पाण्यात मात्र एकूण स्फुरद लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या पुढं गेला की ते तळं शेवाळाच्या वाटेला लागलंच म्हणून समजा. पिकाला जेमतेम वाटणारी मात्रा तळ्याला पुरून उरते. शेतकरी आणि तळ्याकाठचे लोक एकमेकांना खोटं पाडतात ते दोघांनी दोन वेगळ्या मोजपट्ट्या हातात धरलेल्या असतात म्हणून.

स्फुरदच शेवाळाला कारण आहे का, यावर एके काळी मोठा वाद होता. कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असे, त्यामुळे साबणाच्या कंपन्यांना त्यात अर्थातच रस होता. कॅनडात डेव्हिड शिंडलर यांच्या गटानं १९७३ मध्ये एक अख्खं सरोवर प्लॅस्टिकच्या पडद्यानं दुभागलं. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातलं, एकातच स्फुरद. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. त्या सरोवराचा हवेतून घेतलेला फोटो पाहिल्यावर आकडेवारीची गरज उरत नाही. पुढं नत्राचाही वाटा आहे हे अनेक ठिकाणी, विशेषतः समुद्राच्या खाड्यांत, दिसून आलं. पण गोड्या पाण्यात पहिला संशयित स्फुरदच.

शेतातून तो तिथं जातो कसा? बराचसा मातीच्या बारीक कणांना चिकटून, पहिल्या जोरदार पावसात. खत वर फेकून दिलेलं असेल आणि नांगरट नसेल, तर वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्येच ते साचतं, आणि नेमका तोच थर वाहून जातो. १५ सेंटीमीटरचा मिसळलेला नमुना ही गोष्ट दाखवत नाही. विरघळलेला स्फुरद खालच्या निचऱ्यातूनही जातो, पण त्यासाठी माती भरत यावी लागते, म्हणजे स्फुरद धरून ठेवायची तिची ताकद संपत यावी लागते. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून सलग गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथल्या निचऱ्याच्या पाण्याचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑल्सेन स्फुरद किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत होता तोवर निचऱ्यात फारसं काही दिसलं नाही. त्यापुढं मात्र गळती झपाट्यानं वाढत गेली. गव्हाला यातलं निम्मंही लागत नाही. ६० हा आकडा प्रत्येक मातीचा नाही, वाळूत तो खाली येतो, पण असा एक उंबरठा असतो ही गोष्ट महत्त्वाची.

नत्राची तऱ्हा अगदी उलटी. जॉन थॉमस वे यांनी १८५० मध्ये मातीच्या स्तंभातून अमोनियम सल्फेटचं द्रावण गाळलं, तर खालून कॅल्शियम सल्फेट निघालं. अमोनियम मातीनं धरून ठेवलं आणि बदल्यात कॅल्शियम सोडलं. चिकणमातीच्या आणि सेंद्रिय पदार्थांच्या कणांवर ऋणभार असतो, म्हणून धनभारित आयन टिकतात. नायट्रेट स्वतः ऋणभारित. त्याला धरायला बहुतेक जमिनींत कुणी नसतं. युरिया द्या, अमोनियम द्या, उबदार आणि ओल्या मातीतले जिवाणू दोन-तीन आठवड्यांत त्यातल्या बऱ्याचशा भागाचं नायट्रेट करून ठेवतात. मग पीक, पाणी आणि जिवाणू यांच्यात चढाओढ लागते. तृणधान्यं दिलेल्या नत्रापैकी पहिल्या हंगामात साधारण ३० ते ५० टक्केच उचलतात. चिंब मातीत ऑक्सिजन संपला की उरलेल्यातला काही भाग वायू होऊन उडतो, आणि त्यातला थोडासा नायट्रस ऑक्साइड असतो. वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट तापवतो.

फ्रान्समधल्या एका प्रयोगाचा मला फार आदर आहे. १९८२ मध्ये नत्राच्या जड समस्थानिकानं (म्हणजे वजनावरून वेगळ्या ओळखता येणाऱ्या नत्राच्या अणूंनी) खूण केलेलं खत एकदाच दिलं आणि तीस वर्षं त्याचा माग काढला. पिकांनी मिळून ६१ ते ६५ टक्के उचललं. ८ ते १२ टक्के भूजलाकडे झिरपलं होतं. पण १२ ते १५ टक्के तीस वर्षांनीही मातीच्या सेंद्रिय पदार्थातच होतं, आणि तिथून हळूहळू सुटतच होतं. ‘या वर्षी खत कमी केलं, मग विहिरीतलं नायट्रेट का उतरत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. विहिरीतलं आजचं नायट्रेट अनेकदा जुन्या हंगामांचं असतं.

नायट्रेटच्या अहवालात एकक बघायला विसरू नका. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे, पण नायट्रेट म्हणून. तेच ‘नायट्रेट-नत्र’ म्हणून लिहिलं तर ११.३ होतं. ३० हा आकडा एका एककात सुरक्षित आणि दुसऱ्यात मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त. ही मर्यादा तान्ह्या मुलांमुळे आली: आयोवातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट आणि बाळं निळी पडणं यांचा संबंध नोंदवला.

सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे त्याचा आकडा) बदलला की काय होतं ते थोडक्यात सांगतो. मातीत लोह वजनानं तीन-चार टक्के असतं, म्हणजे पिकाच्या गरजेच्या कित्येक पट. तरी चुनखडीच्या जमिनीत नवी पानं शिरा सोडून पिवळी पडतात, कारण सामू एक अंकानं चढला की विरघळलेलं फेरिक लोह हजारपट घटतं. जस्त शंभरपट घटतं. आता हाच नियम कॅडमियमला लावा. आम्ल जमिनीत चुना घातला की पिकातलं कॅडमियम उतरतं. प्रदूषित जमिनीवरचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पण मॉलिब्डेनम, सेलेनियम आणि आर्सेनेट (आर्सेनिकचं एक रूप) हे ऋणभारित रूपात असतात, ते सामू चढल्यावर जास्त मोकळे होतात. दोन्ही प्रकारची द्रव्यं एकत्र असलेल्या जमिनीत चुन्याची शिफारस डोळे मिटून करता येत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारा भाग इथून पुढं आहे. विषारी धातूंसाठी मुळाला वेगळी दारं नसतात. ते अन्नद्रव्यांच्याच दारानं आत शिरतात. भाताच्या मुळात मँगनीज आत घेणारं एक प्रथिन आहे, ओएसएनरॅम्प-५. तेच कॅडमियमचं मुख्य प्रवेशद्वार असल्याचं २०१२ मध्ये दिसून आलं. आर्सेनेट स्फुरदाच्या वाटेनं जातं. आर्सेनाइट हे आर्सेनिकचं दुसरं रूप सिलिकॉनच्या वाटेनं जातं. भात सिलिकॉन भरमसाट घेतो, म्हणून आर्सेनिकही इतर धान्यांपेक्षा जास्त घेतो. किरणोत्सारी सीझियम पालाशच्या वाटेनं जातं, आणि म्हणूनच २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर तिथल्या भातशेतीत पालाश वाढवून देण्यावर भर राहिला: माती तीच, सीझियम तेवढंच, तरी दाण्यातलं प्रमाण उतरलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत जस्त दिल्यावर गव्हातलं कॅडमियम घटलं. उपाशी मूळ दारं जास्त उघडतं आणि आत काय येतंय याची निवड त्याला नीट करता येत नाही. पीकपोषण आणि प्रदूषण एकाच माणसानं का अभ्यासावं, याचं याहून थेट उत्तर माझ्याकडे नाही.

भातात तर पाणी किती ठेवायचं हाच विषाचा प्रश्न होतो. जपानमधल्या तोयामा भागात कामिओका खाणीतलं कॅडमियम जिन्झू नदीतून भातशेतीत उतरलं आणि तिथल्या लोकांना, बहुतांशी वयस्क स्त्रियांना, हाडं ठिसूळ करणारा इताई-इताई आजार झाला. सरकारनं १९६८ मध्ये त्याचं कारण अधिकृतपणे मान्य केलं. शेतांवर नवी माती टाकण्याचं काम तीन दशकांहून जास्त चाललं. चिखलात पाणी साचून राहिलं की सल्फाइड तयार होतं आणि कॅडमियम त्याला बांधलं जातं. म्हणून ओंबी बाहेर पडण्याच्या सुमारास पाणी ठेवलं तर दाण्यात ते कमी येतं. पण त्याच साचलेल्या पाण्यात लोहाचे ऑक्साइड विरघळतात आणि त्यांनी धरून ठेवलेलं आर्सेनिक मोकळं होतं. पाणी काढा, आर्सेनिक उतरतं, कॅडमियम चढतं. पाणी भरा, नेमकं उलट. ज्या जमिनीत दोन्ही आहेत तिथं पाण्याच्या पाळ्या अतिशय जपून ठरवाव्या लागतात, आणि पाण्यानं दोन्ही आवरत नसतील तर वाण बदलावा लागतो.

कॅडमियमसाठी खाणच लागते असंही नाही. गाळाच्या खडकातल्या फॉस्फेटमध्ये ते निसर्गतःच असतं आणि खताबरोबर शेतात येतं. अग्निजन्य खडकातल्या फॉस्फेटमध्ये ते बरंच कमी असतं. युरोपीय संघानं २०२२ पासून फॉस्फेट खतात, ऑक्साइडच्या किलोमागे, ६० मिलिग्रॅमची मर्यादा लावली आहे. रॉथॅमस्टेडनं १८४० च्या दशकापासून मातीचे नमुने बाटल्यांत जपून ठेवले आहेत. १९८० च्या दशकात ते पुन्हा तपासले, तेव्हा खत न दिलेल्या तुकड्यांतही कॅडमियम वाढलेलं दिसलं. तिथं ते हवेतून उतरलं होतं. कॅडमियमचा विचारही मनात नसलेल्या लोकांनी जपलेल्या बाटल्यांनी हे सांगितलं, म्हणून तरुण संशोधकांना मी सांगतो की नमुना फेकू नका.

आता तुमच्या शेतापुरतं. तपासणीचे आकडे येईपर्यंत आणखी स्फुरद घालू नका; या एका गोष्टीबद्दल मला शंका नाही. मातीचे नमुने पुन्हा घ्या, पण ० ते ५ आणि ५ ते १५ सेंटीमीटर असे वेगळे, आणि चांगल्या व वाईट वाढलेल्या पट्ट्यांतून वेगवेगळे. त्याच पट्ट्यांतली पानं एकाच वयाची, एकाच जागेवरची घ्या आणि स्फुरदाबरोबर जस्त नक्की तपासा. चाचणी म्हणून एका छोट्या पट्ट्यावर जस्ताची फवारणी करून आठ-दहा दिवस बघा. पान हिरवं झालं तर प्रयोगशाळेच्या आधी उत्तर मिळेल. फावड्यानं एक रोप मातीसकट उचला आणि मूळ किती खोल गेलंय, कुठं आडवं वळलंय ते पाहा. आडवं वळलं असेल तर खाली कडक थर आहे आणि दोष खतात नाही. नत्राचा हिशेब लावायचा असेल तर काढणीनंतर लगेच ९० सेंटीमीटरपर्यंतच्या मातीतलं नायट्रेट मोजा. तो नमुना थंड ठेवा, नाहीतर पिशवीतच जिवाणू नवं नायट्रेट तयार करत बसतात. तळ्यासाठी पाण्याचा नमुना शांत दिवशी घेऊन उपयोग नाही. हंगामातल्या पहिल्या मोठ्या पावसात, शेतातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी, ते गढूळ असताना भरा. गाळलेला आणि न गाळलेला असे दोन भाग पाठवा. न गाळलेल्यात स्फुरद बराच जास्त आला तर बांध आणि गवताचा पट्टा लागेल. दोन्ही सारखेच आले तर माती भरलेली आहे, आणि पुढची काही वर्षं पिकांनाच तो साठा खाऊ द्यावा लागेल.